पंधरा दिवस संपर्क नसल्यास

२० फेब्रुवारी २०२०, अलिबाग

आज मी डबा खात बसले होते आणि माझं काम आपोआप होत होतं. लिहितानाही खरं वाटत नाही.

आमचा न्यास घशाच्या नि तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी काम करतो. किहीमपासून दिवेआगरपर्यंत केंद्रांवर आणि पेशंटच्या घरी मिळून चाळीसेक लॅपटॉप आहेत, आणि ते सांभाळणारी मी एकटी. आजवर एखादा रुसला की एसटीने मुरूड गाठा, पुढे मिळेल त्याने जा, बटणं दाबा, परत या. आता कुलदीप सरांनी मुंबईच्या ऑफिसातून नवं सॉफ्टवेअर घेऊन दिलंय. माझ्या टेबलावर सगळी मशीन दिसतात. टास्क लावायचा, म्हणजे कोणत्या मशीनने कधी काय करायचं ते एकदा सांगून ठेवायचं. मशीन नेटला आलं की हुकूम पाळतं. दुपारचा अपडेटचा टास्क लावला होता. भेंडीची भाजी संपेपर्यंत बहुतेक नावांपुढे हिरवी टिकली आलेली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, मग तुला पगार कशाचा देणार? समजावत बसले नाही.

२८ फेब्रुवारी

दिवेआगरला जाऊन आले. बरोबर आरोहीताई होती, आमची स्पीच थेरपिस्ट. पेशंट रावजी काका, सुपारीची छोटी वाडी आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईत ऑपरेशन, स्वरयंत्र पूर्ण काढणार. त्याआधी त्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये साठवायचा होता. नंतर पडद्यावरचं चित्र दाबलं की ते वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येईल.

पडवीत लॅपटॉप मांडला. आरोहीताईने छापील वाक्यं पुढे केली. 'मला पाणी हवे आहे.' काका वाचायलाच तयार नाहीत.

"आमी आसं बोलत न्हाय," म्हणाले.

आतून सोनाबाई काकी म्हणाल्या, "मग जसं बोलताव तसं बोला की. येरवी तरी कुटं बोलताव."

मग अख्खी दुपार बोलले. हळू आवाज, वाक्याच्या शेवटाला खाली बसणारा, मधेच थांबून घोट गिळायचे. 'गो, च्या ठेव.' 'पंप बंद केलास काय?' 'आज जेवाय नको मला.' गावातल्या माणसांची नावं, घरातल्यांची नावं. मुलगी सुरतेला असते, तिच्यासाठी 'कदी येतंस?' हे त्यांनी तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा वेगळं, आणि तिन्ही ठेवायला लावले.

"शिव्या बी घे गो बाय," काकी म्हणाल्या. "त्याबिगर माणूस वळखायचा न्हाय." काकांनी दोन दिल्या. वाडीत शिरणाऱ्या माकडांसाठीच्या आहेत म्हणाले, पण बघत काकींकडे होते.

निघताना रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढवायला लावलं तर दोन टक्क्यांवर अडकलं. तिथे रेंज येते-जाते, एवढी मोठी फाइल चढेल अशी नाही. आरोहीताई म्हणाली पेनड्राइव्हवर घे. पण पेनड्राइव्ह सगळ्या मशीनवर बंद करायचा टास्क मीच गेल्या आठवड्यात लावलाय. तिचं तोंड जरा वाकडं झालं. नियम म्हणजे नियम. काकांना चित्रं दाबायचा सराव हवा म्हणून लॅपटॉप तिथेच ठेवला; एप्रिलमध्ये अलिबागला आणू आणि निवांत चढवू, असं ठरलं.

२१ मार्च

काकींचा फोन. ऑपरेशन झालं, काल घरी आले. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास. सकाळी उठून त्यांनी आधी लॅपटॉप उघडला आणि चहाचं चित्र दाबलं.

"मी चुलीपाशी हुते," काकी म्हणाल्या, "आन मागनं ह्येंचा आवाज आला. मी व्हय म्हनून गेले. मग माज्या ध्यानात आलं."

उद्यापासून सगळं बंद म्हणतात. लॅपटॉप आणायचं लांबणार.

१४ एप्रिल, किहीम

घरूनच काम. एका केंद्राचं कुलूप तोडून दोन लॅपटॉप नेले. पेशंटचे रिपोर्ट होते त्यात. कुलदीप सरांचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला.

"एखादं मशीन पंधरा दिवस संपर्कात आलं नाही तर ते हरवलं असं धरायचं. जेव्हा कधी नेटला येईल तेव्हा कोरं झालं पाहिजे. आपोआप. होईल ना?"

"होईल सर. पण दिवेआगर, श्रीवर्धनकडे रेंज जाते-येते."

"पंधरा दिवस जाते?"

"नाही, एवढी नाही."

"मग?"

"घरी दिलेले लॅपटॉप वगळू का?"

"अमिषा, सगळ्यात आधी चोरी होते ती घरातूनच."

त्यांचं चुकीचं नाही. तरी मी माझ्याकडून एक सोय करून ठेवली. दहाव्या दिवशी मला मेल येईल की अमुक मशीन गप्प आहे. म्हणजे मधले पाच दिवस हातात. कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर तासाभराची मुदत घालून चाचणी घेतली. नेटला आल्या आल्या बंद पडला, पुन्हा चालू झाला आणि दुकानातून आणल्यासारखा 'भाषा निवडा' म्हणाला. आत काही म्हणजे काही नाही. इतकं स्वच्छ काम मी पहिल्यांदा केलं.

२ जून

वादळ उद्या येणार. दवंडी पिटून गेले, किनाऱ्याची घरं रिकामी करतायत. दिवेआगरला फोन लावला, लागला नाही.

८ जून

आज पेन हातात धरावंसं वाटलं. घराची कौलं निम्मी गेली. वाडीतले नारळ आडवे. खांब रस्त्यावर, लाईट नाही, पाणी नाही, फोन म्हणजे नुसता डबा. आईने पावसाचं पाणी पातेल्यांत धरलंय. दिवेआगरला आमच्यापेक्षा वाईट म्हणतात, घरंच्या घरं उघडी पडली.

पातेली हलवताना डोक्यात आलं. तिथे लाईट नाही म्हणजे लॅपटॉप बंद. बंद म्हणजे संपर्क नाही. आणि दहाव्या दिवसाची माझी मेल मला इथे वाचता येणार नाही.

अजून दिवस आहेत.

१० जून

सकाळी स्कूटर घेऊन अलिबागला निघाले. चोंढीपर्यंत दोनदा झाडाखालून ढकलत न्यावी लागली. अलिबागात एकाच कंपनीची रेंज, तीही येते न येते. ऑफिसच्या जिन्यावर शेजारच्या इमारतीचे पत्रे येऊन पडलेत, वर जाता येत नाही. पेट्रोल अर्धं राहिलं. परतले.

१४ जून

पुन्हा गेले. साहिलच्या मोबाईलच्या दुकानात जनरेटर आहे, माणसं फोन चार्ज करायला रांगेत. त्याने मला आत बसवलं, त्याचा कॉम्प्युटर दिला. सॉफ्टवेअर उघडलं, पासवर्ड घातला, तर कोड मागितला. तो कोड जातो ऑफिसच्या मोबाईलवर. तो मोबाईल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

साहिलच्या फोनवरून कुलदीप सरांना लावला.

"सर, तुमच्याकडे दुसरं लॉगिन आहे. एक टास्क थांबवायचाय फक्त. मी सांगते तसं दाबा."

"अगं, मी ते एकदाही उघडलेलं नाही. उलटसुलट दाबलं गेलं तर? तू लावलंयस, तूच काढ. आणि तुम्ही सगळे बरे आहात ना?"

बरे आहोत म्हटलं. त्यांनी खरंच काळजीने विचारलं होतं, म्हणून रागावताही आलं नाही.

१८ जून

आज पत्रे काढले. मोबाईल मिळाला, साहिलकडे चार्ज केला, कोड आला, आत गेले.

टास्क काढून टाकला. नुसता थांबवला नाही, समूळ काढला. 'पुढील वेळ: नाही' असं आलं तेव्हा खुर्चीत मागे टेकले. रावजी काकांच्या नावापुढे 'शेवटचा संपर्क: ३१ मे' आणि 'प्रलंबित: १'. ते प्रलंबित म्हणजे साठलेला अपडेट असणार, बंद मशीनपुढे नेहमीच दिसतो. मुदत कालपरवाच उलटलेली, पण मशीनच बंद, त्याला कोण काय करणार? वेळेत पोचले म्हणायचं.

तरी सॉफ्टवेअरच्या कंपनीला एक मेल टाकून ठेवली, की टास्क काढला की सगळं थांबतं ना. साहिलने काळा चहा मागवला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

२२ जून

किहीमला अजून लाईट नाही. कुलदीप सरांशी बोलणं झालं, बुधवारी न्यासाची गाडी औषधं घेऊन दिवेआगरला जातेय, मला जागा आहे. जाता जाता म्हणाले, "त्या कंपनीचं काहीतरी उत्तर आलंय, मला कॉपी होती. टेक्निकल आहे, तुला पाठवतो." अजून आलेलं नाही. आलं तरी इथे उघडायचं कशावर?

२४ जून, दिवेआगर

इथे शाळेत मुक्काम आहे. लिहायला हवं, म्हणून लिहितेय.

माणगाव, म्हसळा करत दुपारी पोचलो. सुपारीची वाडी म्हणून काही उरलेलंच नाही. झाडं एकावर एक पडलीयत, रस्ता कुठे ते विचारावं लागलं. काकांच्या घरावर निळा प्लॅस्टिकचा कागद. काकी मला बघून नुसत्या "आलीस बाय" म्हणाल्या. काका वाळले आहेत. गळ्याला पांढरा रुमाल. लॅपटॉप त्यांनी तांदळाच्या पिंपात ठेवला होता, गोधडीत गुंडाळून. तांदूळ भिजले, लॅपटॉप कोरडा.

तीन आठवडे ते पाटीवर लिहून बोलत होते. काकींना वाचता येत नाही. शेजारचं कुणी आलं की वाचून दाखवायचं.

गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावला आणि चार्जिंगला ठेवला. सुरू झाला. चित्रं आली. काकांनी हात पुसले आणि चहाच्या चित्रावर बोट ठेवलं.

'गो, च्या ठेव.'

काकी उभ्या होत्या त्या पायरीवर बसल्या. "दूद न्हाय," म्हणाल्या. काकांनी माकडांची शिवी दाबली. गाडीवाला हसला, मग आम्ही सगळेच हसलो, काका पण, आवाज न करता. मग त्यांनी 'कदी येतंस' दाबलं, तिसरं. ते दोनदा दाबलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं.

गाडीवाल्याच्या फोनला चांगली रेंज होती, तात्पुरता टॉवर कालच उभा केला म्हणे. मला वाटलं, फेब्रुवारीत राहिलं ते आत्ताच करून टाकू. परत वादळ आलं तर? काकींना म्हटलं, "हे एकदा मुंबईच्या सर्व्हरवर चढलं ना, की मग हा लॅपटॉप समुद्रात पडला तरी चिंता नाही."

"चडव बाय," त्या म्हणाल्या.

फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं. मीच जोडलं. अर्धा मिनिट काही नाही. मग पडदा काळा.

"काय झालं गो?"

"अपडेट साठलेत काकी, ते बसतायत."

मी हे मनापासून म्हणाले. त्यानंतर गोल फिरायला लागलं आणि कळलं, हा अपडेट नाही. वायर ओढली, बटण दाबून धरलं, नेट तोडलं. पुन्हा सुरू झाल्यावर ते होतं तिथूनच पुढे गेलं. शेवटी निळा पडदा आणि त्यावर 'भाषा निवडा'.

काकांनी जिथे चहाचं चित्र असायचं तिथे बोट ठेवलं. मग थोडं बाजूला. मग हात मागे घेतला.

मी म्हटलं, "बिघडलाय. दुरुस्तीला नेते, होईल." काकी माझ्याकडे बघत होत्या. काका उठले, कोनाड्यातली पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, परत ठेवली आणि कोयता घेऊन पडलेल्या सुपाऱ्या तोडायला गेले. त्यांना काही कळलं नसावं. तेवढं तरी बरं.

काकींनी दुधाशिवाय चहा केला. मी प्यायले.

२९ जून, अलिबाग

साहिलने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला. ओळखीच्या कुणाला पनवेलला विचारलं. म्हणाला, "ताई, ह्या डिस्कला कुलूप होतं. पुसली गेली तशी किल्लीपण गेली. आत काय होतं?"

"आवाज," मी म्हटलं. त्याला गाणी वाटली.

कंपनीचं उत्तर आज मेलमध्ये उघडलं. कुलदीप सरांनी बावीस तारखेलाच पाठवलेलं. टास्क काढून टाकला तरी आधीच सुटलेले आदेश रद्द होत नाहीत, ते प्रत्येक मशीनपुढे जाऊन वेगळे काढावे लागतात, तोवर मशीन नेटला जोडू नका. सगळं सरळ लिहिलेलं. शेवटी, आपली आणखी काही मदत करू शकतो का?

आरोहीताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेनड्राइव्ह." तेवढंच. तिनं नसतं म्हटलं तरी मी रोज तेच म्हणतेय.

६ जुलै

ऑनलाइन मीटिंग. वादळात बंद पडलेल्या मशीनपैकी पाच नेटला आल्यावर कोरी झाली. बाकी चारांचं सगळं सर्व्हरवर होतं, ते परत मिळालं. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे यंत्रणा चालते हे सिद्ध झालं. नंतर कुलदीप सरांनी मला वेगळा फोन केला.

"रावजींच्या मशीनपुढे आपण 'वादळात निकामी' लिहू. खोटं नाही ते फारसं."

"खोटं आहे सर."

"तुझ्यावर येईल, अमिषा. आणि माझ्यावर. आणि प्रोजेक्टच बंद झाला तर बाकी पेशंटचं काय करायचं?"

'वादळात निकामी' मीच टाईप केलं. दुपारी त्यांनी टास्क परत लावायला सांगितला, मुदत तीस दिवस. लावला.

१२ जुलै

काकींच्या भावजयीच्या फोनला रेंज आली. लावला. दोन आठवडे मनात वाक्यं जुळवत होते. काकी आल्या तशी सगळी विसरले.

"काकी, लॅपटॉप दुरुस्त होणार नाही. काकांचा आवाज त्यातून गेला. माझ्यामुळे गेला."

"आमाला त्याच दिशी कळलंय, बाय. तू व्हतीस तवाच त्यांनी पाटीवर लिवलानी. तू गेल्यावर भावजयीनं वाचलान. 'गेला' आसं."

"मग मला काही बोलला नाहीत?"

"तुला काय बोलायचं. तू कुटून कुटून आलीवतीस."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं लिहिणारही होते, पण ते माझ्या सोयीचं आहे.

मग त्यांनी विचारलं, "तू मागं फोन करायचीस तवा ह्येच उचलायचे. तुज्या फोनात ऱ्हातं काय त्यातलं काय?"

१९ जुलै

राहिलं होतं. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात हे मला माहीतही नव्हतं, साहिलने दाखवलं. बरेचसे, काय आहेत ते न बघताच, जागा करायला मीच उडवलेत. काकांचा एक सापडला, फेब्रुवारीतला, आम्ही येतोय हे सांगायला केलेला.

'हालो. कोन? मोट्यानं बोला, आयकाय येत न्हाय. सुक्रवारी? या, या. ठेवतो.'

एवढंच. मी तो वीसेक वेळा तरी ऐकला असेन. मग भावजयीच्या फोनवर पाठवला आणि वाट बघत बसले. आनंद झाला होता, लपवत नाही. आईलासुद्धा सांगितलं.

संध्याकाळी फोन केला.

"आयकला," काकी म्हणाल्या. "ह्यो त्येंचा फोनवरचा आवाज, बाय. परक्या मानसाशी बोलायचा. मोट्यानं. घरातला न्हाय ह्यो."

"काकांनी ऐकला?"

"व्हय. आयकलानी आन भायेर गेले."

"मी अजून शोधते काकी. कुठे दुसरीकडे..."

"नको आता," त्या म्हणाल्या. "उद्या लावनीला जायाचं हाय, भाकऱ्या टाकायच्या हायत." फोन भावजयीकडे गेला आणि तिने ठेवला.

नंतर बराच वेळ मी खिडकीशी बसून घरातला आवाज आठवत होते. त्या पडवीत अख्खी दुपार ऐकला होता, कानाला हेडफोन लावून, काकींनीही कधी ऐकला नसेल इतक्या जवळून. वाक्यं सगळी आठवतात. पुढेमागे कुणी विचारलं तर लिहून देईन. ती आठवतात ती फोनवरच्या आवाजात.